माळ्याला फाटकाबाहेर ठेवू नका

पुणे, 28 मे 2020

पुण्यातल्या गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समित्यांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

रोहिणी नक्षत्र लागलं, मृग तोंडावर आला. एरवी या पंधरवड्यात पुण्यातल्या सोसायट्यांच्या आवारात आणि गच्च्यांवर बागेची कामं जोरात चाललेली असतात. कुंड्या रिकाम्या करून माती बदलायची, शेणखत मिसळायचं, वाळकं छाटायचं, हळदीचे आणि आल्याचे कंद लावायचे, पावसाचं पाणी मुळाशी तुंबू नये म्हणून चर काढून ठेवायचे. यंदा कोरोनाच्या टाळेबंदीमुळे ही कामं करणारा माणूस मार्चच्या अखेरीपासून फाटकाबाहेर आहे, आणि कित्येक इमारतींत तर ज्यांची झाडं आहेत त्यांनाच गच्चीवर जायला बंदी आहे. या दोन्ही गोष्टी बदलणं आपल्या हातात आहे. म्हणून हे पत्र महापालिकेला किंवा पोलिसांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

या दोन महिन्यांत समित्यांनी किती केलं, हे मी जवळून पाहिलं आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची औषधं आणून देणं, दूध वेळेवर येईल हे बघणं, शेतकरी गटांचे भाजीचे टेंपो थेट आवारात बोलावणं, जिन्याचे कठडे आणि लिफ्टची बटणं पुसून घेणं. हे सगळं आपण बिनपगारी, स्वतःच्या घरची काळजी सांभाळून केलंत. त्याबद्दल कृतज्ञता आहे, आणि त्याच भरवशावर पुढचं मागते आहे.

सुरुवात गच्चीपासून करते, कारण नुकसान तिथे सर्वांत जास्त झालं आहे. टाळेबंदी सुरू झाल्यावर लोक गच्चीवर घोळक्याने फिरायला लागले, मुलं खेळायला लागली, म्हणून अनेक समित्यांनी गच्चीला कुलूप घातलं. गर्दी टाळायची होती, ते समजण्यासारखं आहे. पण गच्चीवरच्या कुंडीला एप्रिल-मेच्या उन्हात दिवसातून एकदा तरी पाणी लागतं, उथळ कुंडी असेल तर दोनदा. खालून तापलेली स्लॅब आणि वरून ऊन, यात प्लास्टिकच्या कुंडीतली माती दुपारपर्यंत कोरडी ठक्क होते. कुलपाची किल्ली वॉचमनकडे, वॉचमनला सक्त ताकीद, आणि परवानगी द्यायला समितीची बैठक नाही. आमच्या शेजारच्या एका इमारतीत सत्तरी पार केलेल्या एक आजी आहेत. त्यांनी गच्चीवर वांगी, अळू, कढीपत्ता आणि मोगरा लावलेला. मोगऱ्याला उन्हाळ्यातच फूल येतं, वर्षभर त्याची वाट पाहायची असते. कुलूप उघडलं तेव्हा अळूची पानं कागदासारखी चुरत होती. मोगऱ्यावर कळ्या होत्या, पण देठावरच करपलेल्या. अळू पावसात पुन्हा फुटेल, त्याचे कंद चिवट असतात. कढीपत्त्याचं झाड मात्र गेलं ते गेलंच.

ते वाचवायला काय लागलं असतं? गच्चीवर झाडं असलेल्या सभासदांची यादी करायची, प्रत्येक घराला सकाळी किंवा संध्याकाळी अर्ध्या तासाची वेळ ठरवून द्यायची, एका वेळी एकाच घरातला एकच माणूस. बस, एवढंच. काही इमारतींनी पहिल्याच आठवड्यात असं केलं आणि तिथे ना गर्दी झाली, ना झाडं गेली. आपल्या इमारतीत अजून कुलूप असेल तर ते आजच संध्याकाळी अशा पद्धतीने उघडा, ही माझी पहिली विनंती.

आता माळ्याविषयी.

केंद्राने 20 एप्रिलपासून ज्या सवलती जाहीर केल्या, त्यांत शेती आणि फळबागांची कामं होती, बी-बियाणं आणि खतांची दुकानं होती. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांमध्ये इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मेकॅनिक, सुतार यांची नावं होती. पुण्यात रुग्ण वाढत असल्याने यातल्या बऱ्याच सवलती लगेच मागे घेतल्या गेल्या, हे खरं. पण शहरातला माळी त्या यादीत कुठेच नव्हता. तो शेतकरी नाही, कारागीर म्हणूनही त्याची गणती होत नाही. यादीत नाव नाही, म्हणून फाटकावर त्याचा विचारच झाला नाही. पुढे हळूहळू नियम सैल होत गेले. गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर थेट न्हाणीघरात येऊ लागला, इंटरनेटवाला दिवाणखान्यात येऊन गेला, पार्सल घेऊन येणारी मुलं दिवसभरात कितीतरी दारांवर जाऊ लागली. माळी तर उघड्या हवेत, एकटा, झाडांकडे तोंड करून काम करतो. घरात पाऊल न टाकता त्याचं नव्वद टक्के काम होतं. तरीही तो शेवटी.

माळी आला नाही तर काय होतं, हे ज्यांच्या घरी एकही कुंडी नाही त्यांनाही येत्या जुलैत कळेल. कुंड्यांखाली आपण ताटल्या ठेवतो. त्यात पाणी साचतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. आठवड्यातून एकदा येणारा माळी ताटल्या उपडी करतो, टाकून दिलेल्या डब्यांतलं, फुटक्या कुंडीतलं पाणी ओतून देतो. हे काम त्याला कुणी वेगळं सांगितलेलं नसतं आणि त्याचे वेगळे पैसेही कुणी देत नाही. ज्या घरांचे मालक बाहेरगावी अडकले आहेत, त्यांच्या बाल्कनीत पाऊस पडल्यावर काय होईल, याचा विचार करा. रुग्णालयं आधीच भरलेली असताना आपल्याला डेंग्यू परवडणार नाही.

झावळ्यांचं आणि वाळक्या फांद्यांचंही तेच. नारळाच्या लोंबणाऱ्या झावळ्या, गुलमोहराच्या पोकळ झालेल्या फांद्या वळवाच्या पहिल्या वाऱ्यात खाली येतात, आणि खाली आपल्या गाड्या आणि आपली मुलं असतात. फांद्या छाटायच्या असतील तर 1975 च्या वृक्षसंवर्धन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पुण्यात तो अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाकडे करायचा असतो. परवानगी मिळायला वेळ जातो, त्यामुळे ज्यांनी अर्ज केलेला नाही त्यांनी आता एक दिवसही दवडू नये. वाळक्या झावळ्या आणि पक्के नारळ उतरवायला मात्र ओळखीचा माणूस बोलावला की झालं.

आवारातल्या खताच्या खड्ड्यांकडेही एकदा चक्कर मारा. ओला कचरा आवारातच जिरवतो म्हणून आपल्यातल्या पुष्कळ सोसायट्यांना मिळकतकरात सूट मिळते. तो खड्डा हलवणारा, त्यात वाळका पाला मिसळणारा, गांडुळं जगवणारा माणूस बहुतेक ठिकाणी माळीच असतो. तो आला नाही की खड्ड्यात नुसता ओला लगदा साठतो, वास मारतो, माशा होतात, आणि मग सगळा भार कचरावेचक ताईंवर पडतो. त्या टाळेबंदीतही कामावर येत राहिल्या.

तो वस्तीतून येतो, ही भीती मला माहीत आहे. सभासदांच्या ग्रुपवर ती स्पष्ट लिहिली जाते, त्यामुळे मीही स्पष्टच बोलते. भवानी पेठ, ताडीवाला रस्ता अशा दाट वस्तीच्या भागांत रुग्ण जास्त आहेत. जो माळी प्रतिबंधित क्षेत्रात राहतो त्याने आत्ता येऊ नये, हे बरोबर आहे आणि त्यालाही ते मान्य असतं. त्याच्या घरीही म्हातारी आई आहे, लहान मुलं आहेत. पण बाकीच्यांचं काय? फाटकावर साबण आणि पाणी ठेवा. मास्क सोसायटीने द्यावा, तोही धुवून वापरता येईल असा कापडी आणि एकापेक्षा जास्त. खुरपं, कात्री, झारी, पाइप हे सोसायटीचंच ठेवा, म्हणजे बाहेरून काही यायचं नाही. त्याला घरात यावं लागू नये म्हणून बाल्कनीतल्या कुंड्या सभासदाने जिन्याच्या चौकात आणून ठेवाव्यात, तो तिथे काम करून जाईल. सकाळी सहा ते नऊ ही वेळ ठरवली तर आवारात तसंही कुणी नसतं. आणि रोज पाच सोसायट्यांत फिरण्यापेक्षा आठवड्याचा एक वार एका सोसायटीला असं शेजारच्या समित्यांनी आपसात ठरवून घेतलं, तर त्याचीही धावपळ वाचेल आणि आपलीही धास्ती कमी होईल.

आमच्याकडे येणारे माळीमामा मूळचे मराठवाड्यातले. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत खुरपं आणि कात्री. एप्रिलमध्ये माझ्या जास्वंदीवर पांढरा कापूस दिसायला लागला तेव्हा मी त्यांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "ताई, वरून बघू नका, पानाच्या मागल्या अंगाला बघा. आन् शेंड्याच्या बेचक्यात." बघितलं तर तिथे पिठ्या ढेकणांची रांग बसलेली, आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा. आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा म्हणाले, कारण त्या चिकट गोड रसासाठी मुंग्याच या किडीला राखतात, एका फांदीवरून दुसरीवर पोचवतात. मग जुन्या टूथब्रशने कीड खरवडून काढायची, भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी फवारायचं, आणि दोन दिवसांनी निंबोळी तेल, तेही ऊन उतरल्यावरच, नाहीतर पान भाजतं. मी फोन स्पीकरवर ठेवून एकेक फांदी तपासत होते आणि ते पलीकडून विचारत होते, "आता खालची फांदी. तिथं कुंडीच्या काठाखाली हात घाला, तिथं दडून बसत्यात." झाड वाचलं. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, तुमच्या सोसायटीचं काही ठरलं का? मी नाही म्हटलं. बरं म्हणाले. दोन महिने त्यांच्या घरात बाहेरून एक रुपया आलेला नव्हता, हे मला नंतर त्यांच्या मुलीकडून समजलं. त्यांनी स्वतः ते कधीच सांगितलं नसतं.

म्हणूनच पैशांचं इथे नीट लिहिते. घरगुती कुंड्यांसाठी आठवड्यातून एकदा येणाऱ्या माळ्याला आपल्या भागात एका घराचे महिन्याला चारशे-पाचशे रुपये मिळतात. अशी दहा-पंधरा घरं धरली की त्याचा संसार चालतो. सोसायटीच्या बागेचं काम ठेकेदारामार्फत असेल तर हातात येणारी रक्कम आणखी कमी. नोंदणीकृत बांधकाम कामगारांना राज्य सरकारने दोन हजार रुपये जाहीर केले, ते योग्यच झालं, पण माळ्याची कुठे नोंदणीच नसते. त्याला मदत पोचवू शकतील असे लोक म्हणजे ज्यांच्या बागा तो सांभाळतो ते, म्हणजे आपण. एप्रिल आणि मेचा मेंटेनन्स आपण सभासदांकडून घेतला, त्यात बागेच्या देखभालीचा वाटा होता. तो पैसा काम न झाल्यामुळे शिल्लक आहे. तो पुढच्या वर्षीच्या रंगकामासाठी राखून ठेवू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात माळ्याला दोन महिन्यांचा पूर्ण पगार द्या, ठेकेदार मध्ये असेल तर पैसे माळ्याच्या हातात पडले याची खात्री करून घ्या. जे गावी गेले आहेत त्यांना खात्यावर पाठवा. गावाहून परत यायला गाडीभाडं लागतं, आणि ते उसनं घेऊन माणूस परत आला की पुढचं वर्षभर ते फेडत बसतो.

घरोघरच्या बागकाम करणाऱ्यांविषयी मला जास्त सांगायची गरज नाही, आपल्यातही ते पुष्कळ असतील. या दिवसांत माणसं झाडांकडे वळली, हे सगळीकडे दिसतं. आयुष मंत्रालयाने तुळस, सुंठ, दालचिनी, मिरे यांचा काढा सांगितला आणि तुळशीच्या रोपाला एकदम मागणी आली. ज्यांच्याकडे मंजिऱ्या होत्या त्यांनी त्या चुरडून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पेरल्या. आमच्या लिफ्टजवळच्या बाकावर सकाळी रोपं ठेवलेली असतात, शेजारी चिठ्ठी: "गवती चहा, दोन ठोंब, मजला तिसरा", "पुदिन्याच्या काड्या, पाण्यात मुळं फुटलेल्या". कुणी धणे पोळपाटावर हलके रगडून पेरतंय, कुणी पिकलेल्या टोमॅटोच्या बिया राखेत वाळवतंय. आमच्या शेजारचं कुटुंब नातेवाइकांकडे नागपूरला गेलं आणि तिथेच अडकलं. त्यांच्या तुळशीला पलीकडच्या बाल्कनीतून कठड्यावरून पाइप टाकून एका शाळकरी मुलाने दोन महिने पाणी घातलं, एकही दिवस न चुकता.

पण चहाचा चोथा आणि केळीच्या साली घालून मातीची भूक किती दिवस भागवणार? दोन-तीन वर्षं न बदललेली कुंडीतली माती घट्ट बसते, मुळं गुंडाळली जातात, घातलेलं पाणी कडेकडेने वाहून जातं आणि मूळ कोरडंच राहतं. तिला आता पोयटा हवा, शेणखत किंवा गांडूळखत हवं, निंबोळी पेंड हवी. नेमक्या याच वस्तूंसाठी एकट्या माणसाला बाहेर पडणं कठीण आहे. पंधरा किलोचं पोतं दुचाकीवरून आणताना नाक्यावर पोलिसांना काय सांगायचं?

आणि तिकडे नर्सरीवाले गिऱ्हाइकाची वाट बघत आहेत. सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे थेट उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिका आहेत. कापडाच्या दुकानाचं शटर दोन महिने खाली राहिलं तरी आतला माल तसाच राहतो. रोपवाटिकेला शटर ओढून घरी जाता येत नाही, हजारो पिशव्यांना रोज पाणी द्यावं लागतं, विक्री असो वा नसो. यंदा गुढीपाडवा 25 मार्चला होता, टाळेबंदीचा पहिलाच दिवस. पाडव्यासाठी राखलेला झेंडू शेतातच राहिला. मावळातल्या पॉलिहाउसमधले गुलाब आणि जरबेरा शेतकऱ्यांना तोडून फेकावे लागले, कारण लग्नं नाहीत, देवळं बंद, फुलबाजार बंद. नर्सरीवाल्यांचा तर मुख्य हंगाम आत्ता सुरू होतो आहे. आंब्याची, चिकूची, लिंबाची कलमं पावसाच्या तोंडावरच विकली जातात. हाही हंगाम हुकला तर पुढच्या वर्षी त्यातले बरेच जण या धंद्यात दिसणार नाहीत.

भाजीचा टेंपो जसा आपण आवारात आणला, तसाच मातीचा आणि रोपांचा टेंपो आणा. पाच-सहा सोसायट्यांनी मिळून मागणी गोळा केली की एक गाडी सहज भरते. पैसे आधी ऑनलाइन द्यायचे, पोती फाटकाच्या आत उतरवून घ्यायची, दिवसभर उन्हात तशीच ठेवायची, संध्याकाळी ज्याने त्याने आपापली न्यायची. शेणखत चांगलं कुजलेलं आहे ना, हे मात्र गाडी उतरवण्याआधी कुणीतरी जाणकाराने हातात घेऊन बघावं. कच्चं शेण गरम पडतं आणि हुमणीच्या अळ्या घेऊन येतं. चांगल्या कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, ते हातात भुसभुशीत लागतं.

कोथरूड आणि कर्वेनगर भागातल्या सोसायट्यांसाठी अशी मागणीची यादी करायला मी तयार आहे. आमच्या इमारतीतले आणखी काही जण पोती उतरवून घ्यायला आणि मोजून द्यायला मदत करतील. आपल्या समितीने फक्त 4 जूनपर्यंत किती घरांना काय हवं ते कळवावं आणि गाडी आत येऊ देण्याची सूचना फाटकावर लेखी द्यावी. त्याच कागदावर माळ्याचं नावही लिहून द्या, म्हणजे वॉचमनला पुन्हा कुणाला विचारत बसावं लागणार नाही.

आपली,
कोथरूडमधल्या एका गृहनिर्माण संस्थेची सभासद